पटलं, नाई पटलं आन् जीवाला धोका : शेतीच्या प्रश्नोत्तर ॲपच्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२४

मृग लागून पाच दिवस झाले, आभाळ भरून येते आन् नुसतंच दारव्ह्याकडं निघून जाते. लोकं पराटीचं, म्हणजे कपाशीचं, बियाणं घरात आणून बसले, टोबायला कोणी तयार नाही. मले तेवढाच मोकळा वेळ भेटला म्हणून हे काम काढलं. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे व्हॉट्सॲपवर तीन ग्रुप आहेत, तिन्हीत सकाळी सूर्य आन् गुलाबाचे फोटो, त्यात कोणी विचारलं की पानं लाल पडून राह्यली काय करू, तं उत्तर येईस्तोवर तो प्रश्न चाळीस गुलाबांच्या खाली गाडला जाते. म्हणून साधं ॲप करायचं ठरलं. प्रश्न, फोटो, खाली उत्तरं, उत्तरांवर मत. बस.

पुण्यातला मित्र कोड लिहिणार, मी इकडं लोकांत फिरणार आन् नियम ठरवणार. तो म्हणे रोजची नोंद ठेव, कोणता नियम काऊन केला ते लिही, नाईतर तीन महिन्यांनी आपणच आपल्याले विचारतो का हे कोण्या येड्यानं केलं. म्हणून ही वही.

पहिला नियम त्यानं फोनवरच सांगतला: वर अंगठा, खाली अंगठा, बाजूले रिपोर्ट. सगळीकडं तसंच असते. मी म्हटलं ठीक आहे. हे पुढं किती महागात पडते ते तेव्हा काही समजलं नाही.

१४ जून

दुसरे लोक कसं करतात ते दोन दिवस वाचलं. लाइट रात्री अकरानंतर टिकते, तेव्हाच.

रेडिट ही गप्पाचर्चेची साइट २००५ पासून आहे, तिथं वर-खाली बाण, कोणीही दाबा. तिथलेच जुने शिष्टाचार सांगतात का मत पटलं नाही म्हणून खालचा बाण दाबू नका, विषयाले सोडून असेल तरच दाबा, आन् लोकं नेमकं उलटं करतात. स्टॅक ओव्हरफ्लो २००८ चं, प्रोग्रामर लोकांचं. तिथं वर मत द्याले १५ गुण पायजेत, खाली द्याले १२५. आन् गंमत म्हणजे दुसऱ्याच्या उत्तराले खाली मत दिलं का तुमचाही १ गुण कापला जाते. हे मले लय आवडलं. दुसऱ्याले पाडायचं असेल तं आपल्या खिशातूनही काहीतरी गेलं पायजे.

हॅकर न्यूज नावाच्या, संगणकवाल्या लोकांच्या साइटवर ५०० च्या वर गुण झाल्याशिवाय खाली मत देताच येत नाही. दुसरं असं का तुमच्या बोलण्याले कोणी उत्तर दिलं तं त्या उत्तराले तुम्ही स्वतः खाली मत देऊ शकत नाही. म्हणजे भांडणारा माणूस आपल्याच भांडणात पंच होत नाही. स्लॅशडॉट तं त्याहून जुनं, १९९७ चं, तिथं गुण उणे १ पासून ५ पर्यंतच, आन् निवडक लोकांयले थोडे दिवस पुरतील एवढे पाच गुण वाटाले देतात. ते वाटताना कारण निवडाव लागते, माहितीचं आहे, गंमतीचं आहे, मुद्दाम डिवचते आहे, असं. पण ज्या चर्चेत तुम्ही स्वतः बोलले तिथं गुण वाटता येत नाहीत.

वाचून एक गोष्ट ध्यानात आली. हे सगळे नियम अशा लोकांसाठी आहेत जे एकमेकांयले ओळखत नाहीत. आमच्या इकडं प्रश्न विचारणारा आन् उत्तर देणारा उद्या सकाळी एकाच टपरीवर चहा पेतात. मंग खाली मत द्यायचं कसं? आन् दिलं तं ते मत असते का दुश्मनी?

२३ जून

पाऊस पडला. सगळे वावरात. काम बंद.

३ जुलै

पेरण्या उरकल्या तशी पहिली चाचणी घेतली, चाळीस जण, तीन गावं. पारावर बसून एकेकाच्या मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं.

अंगठ्यावरच गाडी अडली. एक आबाजी चष्मा सरकवून म्हणे, "अंगठा कायले लावायचा बाप्पा? कर्जाचा कागद हाय काय?" सगळे हासले, पण ते हासत नव्हते. ज्या माणसानं आयुष्यभर सोसायटीत आन् बँकेत अंगठे उठवले त्याले अंगठ्याचं चित्र म्हणजे सही, आन् सही म्हणजे फसण्याची जागा. उलट्या अंगठ्याचं तं त्याहून वाईट. तो ठेंगा. उत्तर देणाऱ्याले ठेंगा दाखवायचा म्हणजे त्याच्या दारात जाऊन शिवी दिल्यासारखं. चाळीसातून एकानंही दाबला नाही.

रिपोर्ट या बटणाचं मी मराठीत "तक्रार" केलं होतं. एक ताई विचारते, "हे दाबलं का पोलीस येतीन काय?" तिचं काही चुकलं नाही, इकडं तक्रार ठाण्यातच होते. संध्याकाळी मित्राले फोन करून दोन्ही नावं बदलली. वरचं "पटलं", खालचं "नाई पटलं". तक्रारीच्या जागी सध्या "ध्यान द्या".

मतदार कोण याचा घोळ वेगळाच. मित्र म्हणे कंपनीच्या सभासद क्रमांकाले मत जोड, म्हणजे खोटी मतं बंद. पण सभासद म्हणजे सातबारा ज्याच्या नावावर तो. घरातली बाई निंदण करते, वेचणी करते, तिच्या नावावर वावर नाही. पंप पाठीवर घेऊन फवारणारा मजूर, त्याच्या नावावर तं काहीच नाही, आन् औषधाचं खरं बरंवाईट त्यालेच माहीत असते. त्याईले काढून मतदान घेतलं तं ते सोसायटीचं इलेक्शन झालं. म्हणून मोबाईल नंबरले एक मत. एका माणसाजवळ दोन सिम असतात, एका घरात एकच मोबाईल असते, दोन्हीकडून माप चुकते हे मान्य. चुकू द्या.

११ जुलै

उत्तरांचा क्रम. हे वाटते तेवढं सोपं नाही, दोन रात्री गेल्या.

पटलं वजा नाई पटलं केलं तं काय होते पाहा. एका उत्तराले ६० पटलं, ४० नाई पटलं, बाकी २०. दुसऱ्याले १८ पटलं, २ नाई पटलं, बाकी १६. पहिलं वर जाते. पण पहिल्यात शंभरातल्या चाळीस लोकायनं नाई म्हटलं ना! टक्केवारी लावली तं दुसरीच पंचाईत, ज्याले एकच मत पडलं आन् ते पटलं, तो शंभर टक्के घेऊन सगळ्यात वर. म्हणजे घरच्या बायकोचं मत घेतलं का पहिला नंबर.

याच्यावर विल्सन नावाच्या गणित्याचं १९२७ चं सूत्र आहे, रेडिटनं २००९ मध्ये कमेंटीचा क्रम लावाले तेच घेतलं. सूत्र सांगते का मतं कमी असतील तं भरोसा कमी ठेवा, ९५ टक्के खात्रीनं कमीत कमी किती लोकायले पटेल तेवढाच आकडा धरा. हिशोब करून पाहिला: १ पैकी १ ले ०.२१, ३ पैकी ३ ले ०.४४, १० पैकी ९ ले ०.६०, २० पैकी १८ ले ०.७०, आन् ते १०० पैकी ६० वालं ०.५० वर. बरोबर जसं आपण मनातल्या मनात करतो. नवीन डॉक्टरचे तीन पेशंट बरे झाले तं आपण थांबून पाहतो, वीसातले अठरा झाले का मंग गाडी काढतो.

लावलं. मस्त चालून राह्यलं. मी खुश.

२४ जुलै

खुशी तेरा दिवस टिकली.

काल सकाळी एकानं फोटो टाकला, पराटीवर मावा-तुडतुडे, पानं आकसली. खाली आमच्या भागातल्या एका मोठ्या काकाजीचं उत्तर आलं. नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे, अडल्यानडल्याले बैल देते, लग्नात उभा राहते. त्यायनं लिहिलं का तीन औषधं एकाच पंपात टाका, वरून टॉनिक मारा, तीन दिवसांत पराटी हिरवीगार. संध्याकाळपर्यंत २३ पटलं. नाई पटलं शून्य. त्याच्या खाली एका ताईनं लिहिलं, त्या कृषी विभागाच्या प्रशिक्षणाले जाऊन आल्या होत्या, का असं मिसळू नका, एका वेळी एकच औषध, लेबलवर लिहिलं तेवढंच, हातमोजे आन् तोंडाले कापड, वारं समोरून असेल तं फवारू नका. २ पटलं.

विल्सनबुवाच्या सूत्रानं काकाजी वर, ताई खाली. सूत्र चुकलं नाही. सूत्र मतं मोजते, खरंखोटं नाही मोजत.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात काय झालं ते सांगाले नको. फवारता फवारता विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आन् मजूर गेले, कितीतरी जण सरकारी दवाखान्यात पडले होते, डोळ्याले दिसत नव्हतं. त्या वर्षी पराटी डोक्याच्या वर वाढली होती, बोंडअळीचा धसका होता, औषधं एकात एक मिसळून मारली, आन् फवारा अंगावर आला. हे त्या २३ जणायले माहीत नाही काय? सगळ्यायले माहीत आहे. दोघायले मी आज विचारलं. एक म्हणे, "आता काकाजीनं सांगतलं त्याले नाई कसं म्हनू भाऊ, नाव दिसते न खाली." दुसरा म्हणे, "अबे सगळ्यायनं दाबलं होतं, मंग मी बी दाबलं."

दुसऱ्याचं बोलणं ऐकून मित्रानं एक अभ्यास पाठवला, २०१३ मध्ये सायन्स मासिकात आला होता. एका बातम्यांच्या साइटवर कमेंटी आल्या आल्या संशोधकायनं काहींले मुद्दामच एक खोटं वर मत देऊन ठेवलं, काहींले एक खाली, काही तशाच सोडल्या. ज्याले पहिलं वर मत भेटलं त्याले पुढच्या माणसानं वर मत द्यायची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आन् शेवटचा आकडा सरासरी २५ टक्क्यांनी फुगला. खोट्या खाली मताले मात्र लोकायनं भरून काढलं. म्हणजे लोकं नाहक पाडलेल्याले उचलतात, पण नाहक चढवलेल्याले उतरवत नाहीत. तिथं तं कोणी कोणाले ओळखतही नव्हतं. इकडं वर काकाजी बसले आहेत.

ते उत्तर मी रात्री हातानं झाकलं. नियमात बसत होतं काय? नाही. नियमच नव्हता.

२७ जुलै

झाकलं तसा काकाजीचा फोन. "काऊन बे, माह्यं उत्तर काऊन काढलं? मी काय चोर हाव काय?" मी म्हटलं काकाजी काढलं नाही, झाकून ठेवलं, पाहतो. पाहतो म्हटलं पण काय पाहू ते माहीत नव्हतं.

आज बसून ठरवलं ते असं. इतके दिवस मी "नाई पटलं" आन् "ध्यान द्या" ह्या एकाच रस्त्याच्या दोन पायऱ्या समजत होतो, थोडं वाईट असलं तं हे, जास्त वाईट असलं तं ते. तसं नाही. नाई पटलं म्हणजे माझं मत वेगळं. मी सोयाबीन चार ओळीनंतर पट्टा सोडतो, तू नको सोडू, पटलं नाही, चाललं. ध्यान द्या म्हणजे हे इथं राह्यलं तं कोणाचं तरी नुकसान होईल, मग ते मले पटो का न पटो. पहिल्याची मोजणी करायची. दुसऱ्याची मोजणी करायची नाही, कोणीतरी माणसानं उठून जाऊन पाहायचं. आग लागली म्हणून ओरडणाऱ्याले आपण किती जण ओरडले ते विचारत नाही.

आन् तीन बदल ताबडतोब. कोणी मत दिलं ते नाव कोणालेच दिसणार नाही. पहिले २४ तास पटलं-नाई पटलंचा आकडा झाकलेला राहील, मत देता येईल पण दिसणार नाही. यूट्यूबनं २०२१ च्या नोव्हेंबरात नापसंतीचा आकडा पाहणाऱ्यांपासून झाकला तेव्हा लय बोंब झाली होती, पण त्यायनं कायमचा झाकला, आपण एकच दिवस. तिसरं, ध्यान द्या दाबलं का कारण विचारायचं. बिनकारणाचं दाबता येणार नाही.

५ ऑगस्ट

कारणं दाखवायची कशी? मले एक भारी कल्पना सुचली होती, आता लिहिताना लाज वाटते. औषधाच्या डब्यावर त्रिकोण असते ना, सगळ्यात जहाल विषाले लाल, मंग पिवळा, मंग निळा, कमी विषाले हिरवा. म्हटलं शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यातलं आहे, तेच रंग घेऊ. जीवाले धोका तं लाल, फसवणूक तं पिवळा, शिवीगाळ तं निळा. मित्रानं दोन दिवस बसून चित्रं काढली.

आज कृषी केंद्रातून रिकामे डबे आणले आन् पारावर मांडले. विचारलं, ह्या लालचा अर्थ काय? पहिलाच गडी म्हणे, "लाल मंजे पावरफुल." दुसरा म्हणे, "हिरव्यावाल्यानं काईच होत नाई, पैसे वाया." मी एकदम चूप. म्हणजे काकाजीच्या उत्तरावर मी लाल त्रिकोण लावला असता तं लोकायनं त्याले सगळ्यात जोरदार इलाज समजून वहीत उतरवून घेतलं असतं.

रंग रद्द. सरळ शब्द. बटण दाबलं का चार ओळी येतात: याने जीवाला धोका आहे. हा काहीतरी विकून राह्यला. शिव्या किंवा कोणाच्या जातीवर बोलणं. शेतीचं नाही, भलतंच आहे. ज्याले वाचता येत नाही त्याच्यासाठी मी माझ्या आवाजात चारही ओळी रेकॉर्ड करून टाकल्या. मित्राची मेहनत वाया गेली, त्याच्या शिव्या निळ्या त्रिकोणात बसल्या असत्या.

१९ ऑगस्ट

किती जणायनं दाबलं म्हणजे झाकायचं?

आईजवळ बसून बोलत होतो, तिनं दारूबंदीच्या मतदानाची आठवण काढली, उभी बाटली आडवी बाटली. त्याचा नियम मी मुद्दाम परत वाचला. गावातल्या २५ टक्के बायायनं मागणी केली का मतदान लागते, आन् दुकान बंद कराले आडव्या बाटलीले गावातल्या एकूण बाई मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पायजेत. झालेल्या मतांच्या निम्मी नाही, एकूणच्या. म्हणजे जी बाई भीतीनं घरी राह्यली, जी कामाले गेली, जी मेली पण यादीतून नाव निघालं नाही, ती सगळी उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली जाते. आई म्हणे, "आमच्या आत्याच्या गावात त्याच्यातच गेलं."

म्हणून टक्केवारी ठेवायचीच नाही. जीवाले धोका असेल तं एकाच माणसानं दाबलं तरी उत्तर झाकायचं, पुसायचं नाही, वर पाटी लावायची का तपासून राह्यलो, ज्याले पाहायचं त्यानं पाटीवर बोट ठेवून पाहावं. विक्री आन् शिव्या, तीन वेगवेगळ्या घरातून आलं का झाकायचं. भलत्याच विषयाचं, झाकायचंच नाही, नुसतं खाली सरकवायचं, काऊन का कोणाची म्हैस हरवली हा शेतीचा प्रश्न आहे का नाही यावर मी भांडत बसणार नाही.

तपासणार कोण? कंपनीतला कृषी पदवीवाला पोरगा, मी, आन् ती ताई. तिला विचारलं तं म्हणे, "मले चालते, पन काकाजीले तुमी सांगा." वेळेचं बंधन आम्ही सरकारी नियमातून घेतलं. २०२१ च्या आयटी नियमांत तक्रार आली का २४ तासांत पोच आन् १५ दिवसांत निकाल असं तेव्हा होतं. पराटीवरच्या अळीले १५ दिवस म्हणजे पीक गेलं. आम्ही धोक्याले त्याच दिवशी, बाकीले तीन दिवस ठेवलं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशीत आहे का नाही, एवढंच पाहायचं. आपली अक्कल लावायची नाही.

२ सप्टेंबर, पोळा

आज सुट्टी. तोरणाखाली बैलं उभे राह्यले आन् झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायचे टोमण्याचे बोल, सुरू झाल्या. सरपंच, सोसायटी, आमदार, मोबाईलवाले पोरं, कोणालेच सोडलं नाही. एक झडती आमच्या ॲपवर पण होती, ती काही इथं लिहीत नाही. ज्याच्यावर झडती पडली तो सगळ्यात जोरात हासते. हेच वाक्य ॲपवर टाईप केलं असतं तं शिवीगाळमध्ये दहा वेळा दाबलं गेलं असतं. लिहिलेल्या शब्दाले तोंडावरचं हसू चिकटवता येत नाही, म्हणून शिवीगाळवाल्या रकान्यात झाकायच्या आधी लिहिणाऱ्याले एक फोन करायचा, असं ठरवून टाकलं. उद्या तान्हा पोळा, काम परवापासून.

९ सप्टेंबर

व्हायचं तेच झालं. रात्री साडेबाराले लाइट आली, बाराशे फुटाच्या बोअरची मोटर लागली असंन, आन् बसल्या बसल्या एका भाऊबंदानं दुसऱ्याची अकरा उत्तरं आठ मिनिटांत "जीवाला धोका" म्हणून दाबली. त्यातलं एक उत्तर होतं, शेणखत कुजवूनच टाका. यानं कोणाच्या जीवाले धोका आहे बाप्पा? दोघांचा धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद तीन पिढ्यांचा आहे. सकाळी दुसऱ्यानं फेड केली, चौदा.

एका माणसाच्या दाबण्यानं झाकायचं हा नियम मीच केला होता आन् त्याचाच पट्टा माझ्या पाठीवर पडला. मित्र म्हणे तीन कर. मी म्हटलं नाही. तीन केलं तं तो तीन सिम घेईल, आन् खरा धोका पाहिलेला एकटा मजूर मात्र वाट पाहत बसेल. नियम दाबणाऱ्याच्या संख्येवर नाही, दाबणाऱ्याच्या खात्यावर लावू.

असं केलं. प्रत्येकाले दिवसाचे तीन ध्यान द्या. तपासणीत खरं निघालं तं ते परत भेटते, खोटं निघालं तं त्या दिवसापुरतं गेलं. लागोपाठ पाच खोटी निघाली तं महिनाभर त्याच्या एकट्याच्या दाबण्यानं काही झाकलं जाणार नाही, आमच्या यादीत मात्र येईल, काऊन का खोटं बोलणाऱ्याच्या वावरातही कधी साप निघते. आन् हॅकर न्यूजवाला तो नियम उचलला: ज्या प्रश्नाखाली तुम्ही स्वतः वाद घालून राह्यले तिथं समोरच्याले नाई पटलं देता येणार नाही. ध्यान द्या मात्र देता येईल, तिथं अडवलं तं जीवाचा प्रश्न येते.

दोघायले फोन केला. दोघंही म्हणाले मोबाईल पोराजवळ होता.

३० सप्टेंबर

दाद मागायची सोय केली. उत्तर झाकलं का लिहिणाऱ्याले कारण दिसते, आन् "परत पाहा" दाबता येते. परत पाहणारा पहिला तपासणारा नको, दुसरा पायजे, आम्ही तिघंच असलो तरी. दुसऱ्या वाचकानंही झाकलेलं उत्तर वाचून "हे ठीक आहे" म्हणता येते, हॅकर न्यूजवर अशी सोय आहे, झाकलेल्याची जामीन देणं म्हणा. पहिली जामीन आली ती चोर बीटीच्या, म्हणजे बिनमंजुरीच्या कपाशी बियाण्याच्या, वादात.

एकानं लिहिलं होतं का मी तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचं बियाणं लावलं, निंदणाचा खर्च वाचला, सरकारनं परवानगी द्यावी. चार जणायनं दाबलं, विकून राह्यला म्हणून. आता बीटी कपाशीले आपल्या देशात २००२ ले मंजुरी भेटली, पण हे तणनाशकवालं एचटीबीटी, त्याले नाही. विकणं गुन्हा आहे. पण २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेनं तेच बियाणं उघड लावून आंदोलन केलं, सगळ्या पेपरात आलं होतं. मंग मागणी करणं आन् माल विकणं एकच काय? आमचं ठरलं का पाकिटाचा भाव आन् मोबाईल नंबर असला तं झाकायचं, मत असलं तं राहू द्यायचं. मित्रानं सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा श्रेया सिंघल निकाल वाचून दाखवला, ज्यानं ऑनलाइन लिहिण्यावर गुन्हा लावणारं ६६अ कलम गेलं. त्यातही चर्चा करणं, बाजू मांडणं आन् चिथावणी देणं वेगवेगळं धरलं आहे. ते उत्तर परत उघडलं. खाली सोळा नाई पटलं आहेत, राहू द्या, त्यासाठीच ते बटण आहे.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या, २० नोव्हेंबरले मतदान. आज सकाळी तपासणीच्या यादीत एकोणतीस. रोज चार-पाच असतात.

बहुतेक एकाच प्रश्नाखालचे. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलले ४,८९२ रुपये, बाजारात तेवढा भेटत नाही, काय करावं असं एका बाईनं विचारलं. बस, "भलतंच आहे" ची झड लागली. एका बाजूचे म्हणतात हे राजकारण आहे, बंद करा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात हे आम्ही विचारणारच. कंपनीतल्या एका संचालकांचा पण फोन आला, आचारसंहिता आहे, "राजकारण" असं पाचवं कारण टाका म्हणून.

टाकलं नाही. सोयाबीनचा भाव शेतीचं नाही तं काय आहे? राजकारण हे कारण एकदा दिलं का मंग विमा राजकारण, कर्जमाफी राजकारण, रात्रीची लाइट राजकारण, आन् उरते काय, तं गुलाबाचे फोटो. पक्षाचं नाव घेऊन मत मागितलं तं तो विक्रीचाच प्रकार धरायचा, हा काहीतरी विकून राह्यला. ह्या ओळीवर ताई इतकी हासली का पाणी सांडलं.

४ नोव्हेंबर

काल भाऊबीज. वेचणी जोरात, घरात कापूस, पाय ठेवाले जागा नाही.

काकाजी आले होते घरी, ओवाळणीच्या निमित्तानं माझ्या आईकडं. चहा झाल्यावर मोबाईल काढला. जुलैमधलं ते उत्तर त्यायनं बदललं आहे, नातवाले सोबत घेऊन. आता लिहिलं आहे एका वेळी एकच औषध, लेबल वाचा, मजुराले हातमोजे द्या. परत पाहा दाबलं होतं, ताईनं तपासून उघडलंही. उघडलं तसं वर आलं, काऊन का जुने २३ पटलं तसेच चिकटून आहेत.

हे आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं. ती २३ मतं तीन औषधं मिसळा या वाक्याले पडली होती. आता त्याच मतांच्या जोरावर बरोबर उत्तर वर आहे. चांगलंच झालं की! पण उद्या कोणी उलटं करेल, आधी निंबोळी अर्काचं चांगलं उत्तर लिहून शंभर पटलं जमवेल आन् मंग आत औषधाची जाहिरात घुसवेल. स्टॅक ओव्हरफ्लोवर दिलेलं मत थोड्या वेळानं पक्कं होते, पण उत्तर बदललं तं आपलं मत परत फिरवाले मोकळीक भेटते. तिथं लोकं परत येऊन पाहतात. इकडं वेचणीच्या दिवसात कोण परत येते.

काकाजीले म्हटलं, बदल केला का मतं शून्यावर येतील, असा नियम करावा लागते. ते बराच वेळ चूप होते. मंग म्हणे, "अबे चूक होती तवा तेवीस होते, आता बरोबर लिवलं तं शून्य? हा कोनता न्याय हाय?" आईनं मधात चिवडा आणला म्हणून बरं झालं.

मित्राचं म्हणणं, दहा अक्षरांच्या आतला बदल शुद्धलेखन धरायचा, मतं ठेवायची, त्याच्या वर शून्य. मी म्हटलं "मिसळा" चं "मिसळू नका" कराले किती अक्षरं लागतात ते मोज. तो मोजत बसला.

उद्याची कामं: एक अक्षर बदललं तरी मतं शून्य, तो कोड लावणे. ज्या २३ जणायनं पटलं दाबलं होतं त्याईले मेसेज, उत्तर बदललं आहे, परत पाहा. कोड चालू करायच्या आधी काकाजीले फोन.